व्याज नाकारणाऱ्याची ठेव कोणी सांभाळायची?

२०१९ च्या जून महिन्यात बंगळूरच्या शिवाजीनगर भागात एका पेढीच्या बंद दाराशी हजारोंचा जमाव उभा होता. निवृत्त नोकर होते, छोटे दुकानदार होते, मुलींच्या लग्नासाठी पै पै साठवणाऱ्या स्त्रिया होत्या. बहुतेक सारे मुसलमान. ‘आय मॉनेटरी ॲडव्हायझरी’ या संस्थेत त्यांनी आपली पुंजी ठेवली होती. संस्थापक दुबईला निघून गेल्याचे वृत्त पसरले आणि सुमारे चार हजार कोटी रुपयांचा म्हणून गाजलेला तो घोटाळा उघडकीस आला. पुढल्याच महिन्यात संस्थापकाला परत आणून अटक करण्यात आली. खटले सुरू झाले. ठेवीदारांच्या हाती मात्र पोलीस ठाण्यातील तक्रारीची प्रत तेवढी राहिली.

असे घोटाळे आपल्याकडे नवे नाहीत, आणि फसवणाऱ्याला व फसणाऱ्याला धर्म नसतो, असे म्हणून हा विषय बाजूला सारता येईल. परंतु या प्रकरणाला एक पूर्वपीठिका आहे. हे ठेवीदार या पेढीकडे वळले ते केवळ लोभाने नव्हे. बँकेचे व्याज घेणे आपल्या धर्माला मान्य नाही अशी त्यांच्यापैकी अनेकांची श्रद्धा होती, आणि येथे मिळतो तो ‘हलाल’ नफा, असे त्यांना सांगण्यात आले होते. त्याआधी जेमतेम दीड वर्ष, २०१७ च्या नोव्हेंबरात, देशात बिनव्याजी बँकिंग सुरू करण्याचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे रिझर्व्ह बँकेने ठरविल्याचे माहितीच्या अधिकारातील एका उत्तरातून प्रसिद्ध झाले होते. बँकिंगची व्यापक आणि समान संधी सर्व नागरिकांना उपलब्ध आहेच, असे त्यामागचे कारण देण्यात आले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध आहे काय, याचा विचार व्हावयास हवा.

व्याजाविषयीचा जुना संशय

कुराणात ‘रिबा’ निषिद्ध आहे. रिबा म्हणजे प्रत्येक प्रकारचे व्याज, की गरजवंताला नागविणारे चक्रवाढ व्याज, याबद्दल मुस्लिम पंडितांतच मतभेद आहेत. इजिप्तचे तत्कालीन मुफ्ती तंतावी यांनी १९८९ मध्ये सरकारी बचत प्रमाणपत्रांवरील निश्चित परतावा धर्मबाह्य नसल्याचा निर्वाळा दिला, तेव्हा त्यावर मोठे वादळ उठले होते. बहुसंख्य उलेमा मात्र आजही बँकेचे व्याज रिबाच मानतात. भारतातील असंख्य मुसलमान बँकेत खाते ठेवतात, व्याजही घेतात. काही जण ते घेऊन दान करून टाकतात. काही जण चालू खात्यापलीकडे जातच नाहीत. ही श्रद्धा योग्य की अयोग्य हे ठरविणे वृत्तपत्राचे काम नव्हे, तद्वतच ते रिझर्व्ह बँकेचेही नव्हे.

व्याजाविषयीचा संशय हा काही एकाच धर्माचा विशेष नाही. मुदलाहून अधिक व्याज एका वेळी वसूल करता येऊ नये, हा दामदुपटीचा नियम हिंदू धर्मशास्त्रातून आला आणि इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मानला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि ते लोण नगर जिल्ह्यापर्यंत पोहोचले. त्यातूनच १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. रोख्यामागे जाऊन मूळ व्यवहार काय होता हे पाहण्याचा अधिकार त्या कायद्याने न्यायाधीशाला दिला. धनकोने केवळ काळ लोटला म्हणून वाढत जाणारा पैसा घ्यावा, आणि नुकसान झाले तर ते सारे ऋणकोनेच सोसावे, या व्यवस्थेविषयीची अस्वस्थता मराठी मुलखाला परकी नाही.

व्यवहार चालतो कसा?

इस्लामी वित्तव्यवहाराचा मूळ विचार असा की, पैशाने पैसा वाढू नये. वस्तू, श्रम किंवा धोका यांच्या द्वारेच नफा व्हावा. ‘मुदारबा’ या प्रकारात एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत असते. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो आणि तोटा झाल्यास भांडवलवाल्याचे भांडवल व श्रमिकाचे श्रम वाया जातात. ‘मुशारका’ ही दोघांच्याही भांडवलाची भागी. ‘इजारा’ म्हणजे भाडेपट्टा. हा शब्द तर मराठीत कित्येक पिढ्या रुळलेला आहे. आणि सर्वांत अधिक वापरला जाणारा प्रकार म्हणजे ‘मुराबहा’. समजा, एका शिंप्याला वीस हजार रुपयांचे यंत्र हवे आहे. बँक त्याला वीस हजार रुपये कर्ज देत नाही. ती स्वतः यंत्र विकत घेते आणि आपला नफा उघड सांगून त्याला तेवीस हजारांना विकते. ही रक्कम तो बारा हप्त्यांत फेडतो. हप्ता थकला म्हणून ठरलेली किंमत वाढत नाही.

हे नाव बदललेले व्याजच नव्हे काय, असा प्रश्न येथे कोणाच्याही मनात येईल. तो रास्त आहे, आणि मुस्लिम अर्थशास्त्रज्ञांनीही तो वारंवार विचारला आहे. नफा-तोट्यातील भागीदारी हा या विचाराचा आदर्श. प्रत्यक्षात मात्र जगभरच्या इस्लामी बँकांचा भर मुराबहासारख्या निश्चित परताव्याच्या व्यवहारांवर राहिला आहे. या व्यवस्थेत काही अद्भुत आर्थिक शक्ती आहे असे मानण्याचे कारण नाही. परंतु कोट्यवधी सश्रद्ध माणसांना हा फरक खरा वाटतो, आणि त्याने तिसऱ्या कोणाचे नुकसान होत नाही, एवढे कारण तिला कायद्यात जागा देण्यास पुरेसे आहे.

आपल्या कायद्यात ती जागा नाही. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याने बँकेची व्याख्याच अशी केली आहे की, ती परत करावयाच्या ठेवी स्वीकारते. तोट्यात वाटेकरी होणारी ठेव या व्याख्येत बसत नाही. त्याच कायद्याचे आठवे कलम बँकेला मालाची खरेदी-विक्री करू देत नाही. म्हणजे आपल्या शिंप्याचे यंत्र बँकेने विकत घेणे हेच बेकायदा. नववे कलम स्वतःच्या वापराखेरीज स्थावर मालमत्ता सात वर्षांपलीकडे बाळगू देत नाही. म्हणजे घर विकत घेऊन दीर्घ मुदतीने भाड्याने देण्याचा मार्गही खुंटला. ही कलमे कोणा धर्माविरुद्ध रचलेली नाहीत. बँकांनी लोकांच्या ठेवींवर सट्टा खेळू नये हाच त्यांचा हेतू, आणि तो योग्यच होता.

ती बदलावीत काय, याचा विचार अनेकदा झाला. रिझर्व्ह बँकेच्या २००६ च्या कार्यगटाने प्रचलित कायद्यात असे बँकिंग शक्य नसल्याचे सांगितले. रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००८ मध्ये नेमकी उलट बाजू मांडली: बिनव्याजी सेवा नसल्यामुळे काही भारतीय, त्यांत गरीबही आले, बँकिंगपासून दूर राहतात, म्हणून अशी सेवा उपलब्ध करावी. २०१५ मध्ये दीपक मोहंती यांच्या समितीने नेहमीच्या बँकांतच बिनव्याजी सेवेची वेगळी खिडकी उघडण्याची सूचना केली. हा सारा प्रवास २०१७ मध्ये थांबला.

श्रद्धेची अडचण किती, गरिबीची किती?

येथे एक सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. मुसलमान समाज बँकेपासून दूर राहिला तो धर्मामुळे, असे म्हणणे सोयीचे आहे. खरे मात्र अंशतःच आहे. जागतिक बँकेने २०११ मध्ये जगभर खातेविहीन प्रौढांना कारणे विचारली, तेव्हा धर्माचे कारण सांगणारे अवघे पाच टक्क्यांच्या आसपास होते. निम्म्याहून कितीतरी अधिक लोकांनी पुरेसा पैसाच नाही असे उत्तर दिले. मुस्लिम देशांत हे प्रमाण काहीसे वेगळे असेल, परंतु अडचणींचा क्रम त्यावरून स्पष्ट होतो. दारिद्र्य, अंतर, कागदपत्रे आणि तारण या अडचणी आधी येतात, व्याज नंतर.

न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने २००६ मध्ये दिलेला अहवाल या बाबतीत बोलका आहे. २००१ च्या जनगणनेनुसार देशात मुसलमानांचे प्रमाण १३.४ टक्के होते. बँकांच्या अग्रक्रम क्षेत्रातील कर्जखात्यांच्या संख्येत त्यांचा वाटा सुमारे बारा टक्के आढळला. पण येणे असलेल्या कर्जाच्या रकमेत तो पाच टक्क्यांहूनही कमी होता. याचा अर्थ उघड आहे. ही माणसे बँकेच्या दारापर्यंत गेली होती, व्याजाने कर्ज घेण्यासही तयार होती. त्यांच्या पदरात पडले ते थोडके. काही बँका विशिष्ट वस्त्यांना कर्जासाठी प्रतिकूल भाग ठरवून तेथे हात आखडता घेतात, अशीही नोंद त्या अहवालात आहे. पत्ता वाचून अर्ज बाजूला ठेवला जात असेल, तर तेथे कुराणाचा काय दोष?

पुढे २०१४ पासून जनधन योजनेने कोट्यवधी खाती उघडली. ते काम मोठे होते. परंतु खाते म्हणजे पत नव्हे. शिंप्याच्या नावावर शून्य शिलकीचे खाते असले, म्हणून त्याला यंत्रासाठी वीस हजार रुपये मिळतातच असे नाही. तेव्हा वस्तीत शाखा असणे, अर्जाचा निकाल मुदतीत लागणे आणि नकाराचे कारण लेखी मिळणे, या साध्या गोष्टींची गरज कोणत्याही धर्मशास्त्रीय खिडकीहून अधिक निकडीची आहे. केवळ बिनव्याजी बँक काढली की समाजाचे दैन्य फिटेल, असे सांगणारे पुढारी आपल्या अनुयायांची दिशाभूल करतात.

मधल्या पोकळीत कोण शिरते?

मग पाच टक्क्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे विचारले जाईल. त्याचे उत्तर बंगळूरच्या त्या बंद दाराशी मिळते. ज्यांची श्रद्धा कडक आहे त्यांच्याकडेही बचत असते. ती कोठेतरी ठेवावी लागते. देखरेखीखालील दार बंद असेल, तर ती देखरेख नसलेल्या दाराने आत जाते. बंगळूरच्या संस्थेने ठेवीदारांना ठेवीदार म्हटलेच नाही. मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्था काढून त्यांना ‘भागीदार’ केले. धर्माच्या दृष्टीने भागीदारीचा नफा निर्दोष, आणि कायद्याच्या दृष्टीने ती ठेव नसल्यामुळे ठेवींचे नियम लागू नाहीत, असा तो दुहेरी लाभ होता. बँकेच्या व्याजाहून कितीतरी अधिक ‘नफा’ दरमहा नियमाने मिळत होता. म्हणजे धोका वाटून घेण्याच्या ज्या तत्त्वाचा उद्घोष होत होता, त्याचीच तेथे पायमल्ली चालली होती. रिझर्व्ह बँकेने राज्य सरकारला आधीच सावध केले होते. चौकशा झाल्या, आणि त्या दडपल्याचे आरोप पुढे अधिकाऱ्यांवर आणि राजकारण्यांवर झाले.

हाच प्रयोग इजिप्तने आपल्या आधी एक पिढी भोगला आहे. १९६३ मध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील मीत घम्र या गावी अहमद अल्-नज्जार यांनी एक बचत बँक काढली. ते पश्चिम जर्मनीत शिकले होते आणि तेथील गावोगावच्या बचत बँकांचा त्यांच्यावर प्रभाव होता. आपल्याकडे १९०४ च्या कायद्याने आलेली सहकारी पतपेढी ही जर्मनीतील रायफायझन यांच्या ग्रामीण पतसंस्थांवरून घेतलेली, हे येथे आठवावे. मीत घम्रच्या बँकेने शेतकऱ्यांच्या लहान बचती बिनव्याजी घेतल्या आणि त्यांनाच लहान कर्जे दिली. नासर यांच्या राजवटीत धर्माचा गवगवा करणे धोक्याचे असल्यामुळे तिने आपल्या नावापुढे इस्लामी हे विशेषणही लावले नाही. काही वर्षांतच सरकारने तो प्रयोग गुंडाळला. पुढे १९८० च्या दशकात त्याच देशात अर्-रय्यान यांसारख्या कंपन्या उभ्या राहिल्या. दाढ्या वाढवलेले चालक, धार्मिक जाहिराती आणि बँकांच्या दुप्पट परतावा, अशी त्यांची मोहिनी होती. १९८८ मध्ये सरकारने कायदा करून त्यांना वेसण घालताच हा डोलारा कोसळला आणि असंख्य कुटुंबांची आखाती देशांतली कमाई बुडाली. लहान, उघड आणि हिशेबी संस्था मोडली गेली. तिच्या जागी मोठी, बंद आणि बेहिशेबी संस्था आली. बंगळूरला याहून वेगळे काय घडले?

त्याच २०१९ साली, सप्टेंबरात, मुंबईत पंजाब आणि महाराष्ट्र सहकारी बँक संकटात सापडली. तेथेही ठेवीदारांचे हाल झाले, काहींनी प्राण गमावले. नियमन हे काही कवच नव्हे, हे त्यावरून दिसले. तरीही तेथे रिझर्व्ह बँक उत्तरदायी होती, ठेवविमा होता, त्याची मर्यादा २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर गेली, आणि २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन करून लहान ठेवीदारांचा मार्ग मोकळा करण्यात आला. बंगळूरच्या ‘भागीदारां’ना विमा नव्हता. जप्त मालमत्ता विकून जे येईल त्याच्या तुकड्यांची वाट पाहणे एवढेच त्यांच्या हाती उरले.

धर्मनिरपेक्षतेचा आक्षेप

एका धर्माच्या समजुतीसाठी देशाचा कायदा का वाकवावा, हा आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. केरळमध्ये राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाने अशा एका वित्तसंस्थेत भाग घेण्याचे ठरविले, तेव्हा याच मुद्यावर उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. २०११ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. ब्रिटनचे उदाहरण याहून उद्बोधक आहे. घर आधी बँकेने घ्यावयाचे आणि मग ग्राहकाला विकावयाचे, तर मुद्रांक शुल्क दोनदा भरावे लागे. २००३ च्या अर्थसंकल्पाने हा दुहेरी भार काढला. २००४ मध्ये तेथे पहिली इस्लामी किरकोळ बँक परवाना घेऊन उभी राहिली. ठेव परत मिळण्याची हमी दिलीच पाहिजे, असा नियामकाचा आग्रह होता. तोटा सोसल्याविना नफा नाही, असा धर्मशास्त्राचा. तोड अशी निघाली की, बँकेने कायद्याप्रमाणे पूर्ण रक्कम देऊ करावी आणि धर्मबुद्धीने ती नाकारण्याची मुभा ठेवीदाराला असावी. राज्याने आपला नियम सोडला नाही, ग्राहकाने आपली श्रद्धा सोडली नाही. शिवाय त्या बँकेचे दार सर्व धर्मीयांना उघडे राहिले. धर्मनिरपेक्ष राज्याने धर्मप्रश्नात कसे वागावे याचा हा चांगला धडा आहे.

उलट, धर्माच्या नावाने हिशेबाची गरज संपते असे मानणाऱ्यांनी बांगलादेशाकडे पाहावे. १९८३ मध्ये स्थापन झालेली इस्लामी बँक बांगलादेश ही त्या देशातील सर्वांत मोठी खाजगी बँक बनली. २०१७ मध्ये तिचा ताबा एका उद्योगसमूहाशी निगडित मंडळींकडे गेला, अफाट कर्जे त्याच समूहाकडे वळविल्याचे आरोप झाले, आणि २०२४ मध्ये सत्तापालटानंतर मध्यवर्ती बँकेला तिचे संचालक मंडळ बरखास्त करावे लागले. त्या बँकेलाही धर्मपंडितांचे सल्लागार मंडळ होते. व्यवहार शरीयतला धरून आहे की नाही, हे पंडित सांगू शकेल. तिजोरीत पैसा आहे की नाही, हे लेखापरीक्षकानेच पाहावयाचे असते.

मार्ग कोणता?

आरंभ लहान प्रमाणावर करता येईल. देवबंदचा मुस्लिम फंड १९६१ पासून चालत आला आहे. बिनव्याजी ठेवी घेऊन दागिन्यांच्या तारणावर लहान कर्जे देण्याची ही पद्धत उत्तर भारतातील गावांना परिचित आहे. महाराष्ट्रात सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेने २०१६ मध्ये बिनव्याजी सेवेचा प्रयोग सुरू केला, आणि त्या समूहाचे संस्थापक तेव्हा राज्यातील भारतीय जनता पक्षाच्या सरकारात सहकारमंत्री होते; म्हणजे हा प्रश्न पक्षभेदाच्या पलीकडे नेणे अशक्य नाही. सहकाराची घडी ज्या राज्यात शंभर वर्षांहून अधिक काळ बसलेली आहे, तेथे बिनव्याजी पतसंस्थांसाठी स्वतंत्र नियम करणे, प्रत्यक्ष खर्चापुरतेच सेवाशुल्क घेण्याचे बंधन घालणे आणि त्यांचे लेखापरीक्षण कडक करणे सहज जमण्यासारखे आहे. बँकांच्या बाबतीत आठव्या आणि नवव्या कलमांना मर्यादित अपवाद करून मोहंती समितीची खिडकी निवडक शाखांत उघडून पाहावी. तिला बिनव्याजी म्हणावे, इस्लामी म्हणण्याची गरज नाही. व्याजाने गांजलेला कोणीही तेथे यावा. २०१९ च्या कायद्याने अनियंत्रित ठेवयोजनांवर बंदी आली हे उत्तमच झाले. परंतु चुकीचे दार बंद करणाऱ्याने योग्य दार दाखविण्याची जबाबदारीही घ्यावयास हवी.

समाजाच्या नेत्यांवरही एक कर्तव्य येते. कोणत्या संस्थेत पैसा ठेवावा याची शिफारस व्यासपीठावरून करण्यापूर्वी त्यांनी तिचा ताळेबंद मागावा, आणि तो वाचता येत नसेल तर शिफारस करू नये. शिक्षक, कारकून आणि महाविद्यालयीन तरुण यांनी आपल्या वस्तीतील वडीलधाऱ्यांना एवढे एकच विचारावयास शिकवावे: हातात पडलेला कागद ठेवीची पावती आहे, की भागीदारीचा करार?

बंगळूरच्या त्या गर्दीतील प्रत्येकाजवळ कागद होता. त्यावर त्याचे नाव होते, रक्कम होती, शिक्का होता. आपण भागीदार आहोत याचा अर्थ तोटाही आपलाच, हे बहुतेकांना पेढीचे दार बंद झाल्यावर कळले. समान संधी उपलब्ध आहे असे सांगून जे राज्य स्वस्थ बसले, त्याच्याही हिशेबात या तोट्याचा काही वाटा लिहिला गेला पाहिजे.